मूठ नसलेली तलवार

आष्टीच्या बाजाराला माणूस मीठ घ्यायला येवो की बैल बघायला, बेहड्याच्या झाडाखाली बसलेल्या मनसाराम ढिवराकडं एकदा नजर टाकूनच तो पुढं जायचा. मनसारामजवळ मांडण्यासारखं फारसं काही नसायचं. एक गोणपाट, दोरीनं फिरवायचं गिरमिट, ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून लाल केलेलं सूत आणि मांडीखाली दडवलेली चामड्याची थैली. पण ज्या बाईची दोन-तीन लेकरं मातीत गेलेली असत, ती पुढचं लेकरू पोटाशी धरून दहा कोस चालत यायची ती त्याच्याकडंच. मनसाराम त्या लेकराच्या गळ्यात काबूलचा तांब्याचा पैसा बांधायचा.

काबूलचाच का, याचं उत्तर चांदा जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाजारात चालणारा पैसा हातात आला की आज ना उद्या हातातून जातो. जो पैसा कुठल्याच बाजारात कुणी घेत नाही, तो कुठं जाणार? तो घरीच राहतो. लेकरूही त्याच्यासारखं घरी राहावं. ढिवर, कुणबी, गोंड, सगळ्यांचं यावर एकमत होतं, आणि सगळ्यांचं एकमत होईल अशा गोष्टी तिथंही काही फार नव्हत्या.

मनसाराम या धंद्यात पडला तो नावेतून. बाप त्याचा, बापूजी, वैनगंगेवर डोंगा चालवायचा आणि मासे धरायचा. मनसारामला मिसरूड फुटलं होतं त्या साली हिवाळ्यात हिंग विकणारा एक काबुली पैलतीरावर येऊन उभा राहिला. मीरबाज त्याचं नाव. खांद्यावर बोचकं, अंगात कळकट जाकीट, आणि आवाज असा की पाण्यावरचे बगळे उडाले. उतराईच्या वेळी त्यानं खिसे चाचपले आणि एक जाडजूड, कडेला वेडावाकडा तांब्याचा तुकडा मनसारामच्या हातावर ठेवला. वर हसत म्हणाला, "हमारे मुल्क का पैसा है, भाई. रख लो."

बापूजी तडकला. "बाजारात कोण घेईल याले? डोंगा काय फुकटचा हाये?"

त्याच डोंग्यात नीलाबाई नावाची एक गोंड बाई बसली होती. कडेवर दोन महिन्यांचा पोरगा. तिनं मान पुढं करून विचारलं, "हा पैसा कुठीच चालत नाई?"

"कुठीच नाई," बापूजी रागातच म्हणाला.

"मंग मले द्या," ती म्हणाली, आणि टोपलीतली कोंबडी काढून तिनं बापूजीच्या पुढ्यात ठेवली. बापूजीचा राग उतरायला तेवढी कोंबडी पुरे झाली. मनसारामनं दगडानं खिळा ठोकून कसंबसं भोक पाडलं, जाळ्याचंच सूत ओवलं आणि पैसा पोराच्या गळ्यात बांधला. तो पोरगा, दसरू, जगला. पुढं त्याला नातवंडं झाली तरी बाजारात भेटला की सदऱ्याचं बटण काढून गळ्यातला पैसा दाखवायचा आणि मनसारामकडून तंबाखू उकळायचा.

पुढच्या हिवाळ्यात मीरबाज आला तेव्हा मनसाराम नदीवर त्याची वाट पाहतच होता. "तसले पैसे अजून आहेत का?" असं त्यानं विचारल्यावर काबुली चक्रावला. त्याच्या लेखी ती बोचक्याच्या तळाशी पडलेली अडगळ होती. सगळी कथा ऐकल्यावर मात्र तो पोट धरून हसला, आणि मग त्यानं बोचकं तळापर्यंत उपसलं. त्याचीही दोन लेकरं गेली होती. तेव्हापासून दर साली तो मूठभर पैसे आणायचा आणि त्या बदल्यात ढिवरपुऱ्यात चार दिवस राहून पोटभर भात आणि वाळवलेल्या झिंग्यांचं कालवण खायचा.

त्या चार दिवसांनी मनसारामला जन्मभर पुरेल एवढं दिलं. संध्याकाळी शेकोटीपाशी मीरबाज एकेक पैसा पुढं टाकायचा आणि त्याची ओळख करून द्यायचा. याच्यावर तलवार आहे, हा काबूलचा. याच्यावर आठ पाकळ्यांचं फूल, हा कंधारचा. कंधारचं फूल काबूलच्या बाजारात कुणी घेत नाही आणि काबूलची तलवार कंधारात कुणी घेत नाही, असंही एकदा त्यानं सांगितलं. मनसाराम म्हणाला, "म्हंजे तुमच्या घरीबी याचे हेच हाल?" त्यावर दोघं इतके हसले की बापूजी आतून खेकसला.

पैसे जुने, हातोहात घासून गेलेले. डोळ्याला त्यांच्यावर काहीच दिसायचं नाही. म्हणून मीरबाजनं त्याला अंगठ्यानं वाचायला शिकवलं. जाळ्याच्या गाठी चाचपून चाचपून मनसारामचा अंगठा तयारच होता. मीरबाज म्हणायचा, "अंगूठा पहले मूठ ढूँढे. मूठ मिली तो तलवार. नहीं मिली तो कुछ भी नहीं, भाई. और झूठ मत बोलना. बच्चे की बात है."

सदतीस-अडतीस वर्षं हे चाललं. फाळणीच्या आधीच्या हिवाळ्यात मीरबाज शेवटचा आला. दाढी पांढरी, चालणं हळू. जाताना त्यानं एक पैसा वेगळा काढून दिला. तलवार अगदी कोरी, मूठ डोळ्यालाही दिसेल अशी. "यह किसी के गले में मत बाँधना. काबुल आना. इससे एक नान मिलेगा." पुढच्या हिवाळ्यात मनसाराम रोज नदीवर जाऊन बसला. त्याच्या पुढच्याही. मग बसायचं सोडलं, पण पूस महिना लागला की पैलतीरावर नजर जायचीच, आणि उभ्या माणसाच्या जागी नुसती वाळू दिसायची. घरी सून रंभा त्याला छेडायची, "मामाजी, कवा निघता काबूलले? भाकर बांधून देऊ का?" तो म्हणायचा, "बांध. तिथी नान भेटते, भाजी नाई भेटत." हसायचा, पण थैलीतला तो पैसा चाचपूनच झोपायचा.

सत्तावन सालच्या हिवाळ्यात मनसाराम पासष्टीला आला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नवे पैसे निघाले होते आणि बाजारात जो तो आपल्या तळहाताकडं बघत डोकं खाजवत होता. मनसारामकडं येणाऱ्या बाया कमी झाल्या होत्या. थैलीत वाटायचे पैसे संपले होते, उरला होता तो एका नानाचा. तरी तो बाजाराला बसायचा. घरी बसून करायचं काय?

त्या दिवशी उन्हं डोक्यावर आली असताना एक बाई त्याच्यापुढं येऊन बसली. मागं एक म्हातारा काठी टेकून उभा राहिला.

"मनसारामभाऊ, मी सुकरी. लालसूची माय."

मनसारामला चेहरा नीट दिसला नाही, पण नाव त्यानं लगेच ओळखलं. इतक्या वर्षांत शेकडो लेकरं त्याच्या हाताखालून गेली होती. त्यातलं हे एक नाव तो विसरू शकला नव्हता.

सुकरीनं कमरेच्या गाठोळीतून काळपट दोऱ्यातला पैसा काढून त्याच्या हातावर ठेवला. मग थांबत थांबत सगळं सांगितलं. लालसू तीन वर्षांपूर्वी कामाला म्हणून घरातून गेला. कुठं ते सांगितलं नाही. मी आता मोठा झालो म्हणून गळ्यातला पैसा काढून खुंटीला अडकवून गेला. तेव्हापासून निरोप नाही. मागं उभा होता तो पत्रू, लालसूचा काका.

"तीन वरसं वाट पाह्यली," पत्रू म्हणाला. "पोरगं मेलं असल तर त्याचा जीव भटकून राह्यला असल. त्याचा दगड उभा केला म्हंजे बापदाद्यांत जाऊन बसल. दगड आणून ठेवला हाये मी. मले काय हौस हाये, भाऊ? मीच खांद्यावर खेळवलं त्याले."

"मी करू देत नाई," सुकरी म्हणाली. "मी म्हणतो, त्याच्या गळ्यात काबूलचा पैसा होता, तो कसा जाईल? पर मागच्या महिन्यात प्राणहितेपलीकडून एक माणूस आला. खुंटीवरचा पैसा पाहून म्हणे, याची तर आमी बिडी घेत होतो तिकडं." ती थोडं पुढं सरकली. "तुमच्याच हातानं बांधला तुमी. तुमीच सांगा. काबूलचा असल तर मी दगड उभा करू देत नाई, कोणी काई म्हणो. नसल तर मंग करा म्हणतो जे करायचं ते."

मनसारामनं पैशावर अंगठा ठेवला नाही. गरज नव्हती. तेवीस वर्षांपूर्वी ठेवला होता तेवढा पुरे होता.

त्या साली मीरबाज उशिरा आला होता. पावसाळ्यानंतर सुकरी याच झाडाखाली उभी होती, आधीची तीन गेलेली, चौथं फडक्यात गुंडाळलेलं, आणि तिच्या टोल्याकडं, वाडीकडं जाणारी गाडी सुटायला आली होती. थैली रिकामी होती. शेवटी एका कापडवाल्या फेरीवाल्यानं आपल्या गल्ल्यातून एक जुना ठोकीव पैसा काढून दिला, हाही काबुल्याचाच म्हणाला. मनसारामनं अंगठा फिरवला. एक लांब, तिरकी रेघ लागली. तलवारीसारखीच. अंगठा मुठीपाशी आला आणि तिथं मूठ नव्हती. रेघ नुसती निमुळती होत संपत होती. निजामाच्या पैशावर फारसी अक्षराची अशी लांब ओढ असते हे त्याला मीरबाजनंच सांगितलं होतं. पण बाई तोंडाकडं बघत होती आणि गाडीवान हाका मारत होता. मनसाराम म्हणाला, "तलवार हाये," आणि दोरा ओवला.

दोन आठवड्यांनी मीरबाज आला. पैसा बदलता आला असता. पण बदलायला जायचं म्हणजे टोल्यावर जाऊन चूक कबूल करायची. मनसाराम आज जातो, उद्या जातो करत राहिला. पोरगं तर जगलं, धष्टपुष्ट झालं, मग कशाला काढायचं, असं त्यानं स्वतःला समजावलं. मीरबाजलाही त्यानं कधी सांगितलं नाही. ती एकच गोष्ट त्यानं त्या मित्रापासून लपवली होती, आणि मित्र न येण्याच्या दुःखात ही बोचणीही मिसळलेली होती.

त्यानं चुना-तंबाखू मळली. तोंडात टाकायची विसरला. हो म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द, आणि बाई आशेवर घरी गेली असती, दगड पडून राहिला असता, कुणाचं काही बिघडलं नसतं. आणि हीच वाट त्यानं मागंही धरली होती.

"बाई," तो म्हणाला, "हा काबूलचा नाई."

मनसारामनं पैसा गोणपाटावर ठेवला.

"मले तवाच ठावं होतं. मूठ लागली नव्हती अंगठ्याले. गाडी सुटत होती, तू उभी होतीस, मी खोटं बोललो. मंग बदलून द्याले लाज वाटली. तेवीस वरसं झाले, मी हे कोणाले सांगतलं नाई."

पत्रूनं काठी जमिनीवर आपटली आणि तोंड फिरवलं. आजूबाजूला मिरची-मिठाची घासाघीस चालू होती. मनसाराम मान खाली घालून बसला. बाई शिव्या देईल, थुंकेल, काही करेल याची वाट पाहत राहिला. सुकरीनं पैशाकडं बोट केलं. मग विचारलं, "मंग कुठचा होय हा?"

"निजामाचा. प्राणहितेपलीकडचा."

"तिथी चालते?"

"चालत होता. आता दोन-तीन वरसं झाले, सरकारनं निजामाचे पैसे बंद केले. आता तिथीबी कोणी घेत नाई."

सुकरीनं पैसा उचलून स्वतःच्या हातात घेतला. नांगरलेल्या शेताकडं पाहावं तशी ती त्याच्याकडं पाहत राहिली.

"मंग पोरगं तिथीच हाये," ती म्हणाली.

"म्हंजे?" पत्रूनं विचारलं.

"पैसा हातातून गेला म्हंजे हवेत थोडाच जाते? जिथी चालते तिथीच जाते. हा तिकडचा, मंग लालसू तिकडंच गेला. तीन वरसं मी भामरागडाकडं शोधलं, चांद्याकडं शोधलं. तिकडं कोणी पाह्यलंच नाई." तिनं मनसारामकडं पाहिलं. "आन आता तिथीबी कोणी घेत नाई म्हणता. मंग त्याले कोण ठेवून घेईल?"

शिकलेल्या माणसानं हसण्यावारी नेलं असतं. पण मनसाराम त्याच पाण्यात वाढलेला होता, आणि त्याला ते सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसलं. पत्रूलाही दिसलं असावं. तो खाकरून म्हणाला, "होळीच्या पुनवेपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनसारामनं डोंगा काढला. रंभा काठावर येऊन चिडली, "मामाजी, डोळ्यानं दिसत नाई, कुठी निघाले?" तो म्हणाला, "काबूलले नाई जात. भाकर बांध." नदीसाठी त्याला डोळे कधीच लागले नव्हते. वल्ह्याला लागणाऱ्या ओढीवरून त्याला वाळूचा उथळ भाग कळायचा. सुकरी पुढं बसली होती, मांडीवर गाठोळी. वर्धा येऊन मिळते तिथं पाणी रुंद झालं आणि उन्हं कलता कलता त्यानं तिला प्राणहितेच्या पैलतीराला उतरवलं. थैलीतून मीरबाजचा पैसा काढून तो म्हणाला, "हा घेऊन जा. हा खरा होय." सुकरीनं मान हलवली. "आधी हाच घेऊन जाईन. वाट याले ठावं हाये." आणि वाळू तुडवत ती गेली.

परतताना धार उलटी होती. त्याला दीड दिवस लागला आणि नंतर आठ दिवस खांदे धरले. पण कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो थैली न चाचपता झोपला.

मग बाजारामागून बाजार गेले. माघ सरला. पळस फुलला. मनसाराम झाडाखाली बसायचा आणि जवळून गेलेल्या प्रत्येक बाईची चाल ऐकायचा. होळीला पाच दिवस उरले तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं की दगड उभा होईल त्या दिवशी टोल्यावर जायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की हे माझ्यामुळं झालं.

होळीच्या आधीचा तो शेवटचा बाजार. "मनसारामभाऊ," कुणीतरी म्हणालं आणि चार जणं त्याच्यापुढं सावली करून बसली.

सुकरीचा आवाज बसला होता. तिनं सांगितलं ते असं. पलीकडं भाषा तेलंगी, बोलायची सोय नाही. म्हणून ज्या त्या बाजारात ती पैसा तळहातावर ठेवून नुसती बसायची. लोक हसायचे, हा चालत नाही म्हणून हातानं खुणावायचे. पाचव्या बाजारात एका तरण्या पोरीनं पैसा पाहिला, त्यातलं भोक पाहिलं, मग सुकरीच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न बोलता तिचा हात धरून चालायला लागली. आपल्या मायच्या घरी खुंटीला असा पैसा आहे, हे नवऱ्यानं, लालसूनं, तिला कितीदा तरी सांगितलं होतं. लालसूचा पाय बांबूच्या गाडीखाली सापडून अधू झाला होता. कमवायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं आणि लंगडत घरी कसा येणार, म्हणून तो आला नव्हता. तो आता मनसारामपुढं पाय लांब करून बसला होता, आणि त्याची बायको सहा महिन्यांचं लेकरू पदराखाली घेऊन.

मनसारामनं हात पुढं केला. लालसूच्या खांद्यावरून, मानेवरून तो फिरवला, जसा जाळ्यावरून फिरवायचा. जिवंत माणूस होता. मनसारामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

"दगड काय केला?" त्यानं पत्रूला विचारलं.

"घराची पायरी केली," पत्रू म्हणाला. "याले चढाले सोपं जाते."

मग मनसारामनं थैली उलटी केली. मीरबाजचा पैसा गोणपाटावर पडला. अकरा वर्षं जपलेला. त्यानं गिरमिटाची दोरी ताणली, टोक तलवारीच्या वरच्या अंगाला टेकवलं आणि क्षणभर मनातच काबुल्याची माफी मागितली. नान राहू दे, भाई. बच्चे की बात है.

सुकरीनं त्याचा हात धरला. "हे कायले? तुमच्या दोस्ताचा हाये तो."

"तुझ्या नातवाले. या खेपेले खरा देतो."

"तो तुमच्याचजवळ राहू द्या." तिनं गाठोळीतून जुना पैसा काढून त्याच्या हातावर ठेवला. "हा आता कुठीच चालत नाई ना? पाच बाजार फिरली मी. कोणी हात लावला नाई याले."

"नाई बाई. कुठीच नाई."

"मंग हाच बांधा."

मनसारामनं काबूलचा पैसा परत थैलीत टाकला. नवं लाल सूत घेतलं, तेवीस वर्षांपूर्वी आपणच पाडलेल्या भोकातून ओवलं आणि चाचपत चाचपत लेकराच्या गळ्याशी नेलं. गाठ मारताना त्याचा अंगठा सवयीनं मूठ शोधत राहिला, आणि मूठ नाही हे कळूनही या खेपेला त्याचा हात थांबला नाही.